अध्यक्षांची पिवळी टोपी

माझे नाव भालचंद्र विठोबा खानविलकर, वय शहात्तर. आमच्या नगरपालिकेच्या तरणतलावात गरीब घरांतील मुलांना शुल्कमाफी मिळाली. परंतु तलावाच्या समितीचे अध्यक्ष बापूसाहेब रणदिवे यांनी अट घातली, "फुकट पोहणाऱ्याने पिवळी टोपी घातलीच पाहिजे. उपकार कोणावर होतात, ते गावाला दिसू द्या!"

माझ्या शेजारच्या सुगंधाबाईंची मुलगी यमुना पोहण्यासाठी जीव टाकी. पण टोपीवरून मुलांनी तिला चिडवले आणि तिने तलावावर जाणेच सोडले. तेव्हा सुगंधाबाई मला सोबत घेऊन तलावावर गेल्या. बापूसाहेब पाण्यात उतरतच होते.

"साहेब, तुम्ही इथं पैसे भरून पोहता का हो?"

"मी? अहो बाई, अध्यक्षाला मानाचा पास असतो!"

"म्हणजे फुकटच की!" असे म्हणून त्यांनी यमुनेची टोपी पुढे धरली. "मग घाला. नियम तुमचाच आहे."

काठावरची मंडळी खो खो हसली. बापूसाहेब बाहेर आले आणि त्यांनी व्यवस्थापकाला अट काढायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी यमुना तलावावर परतली. शुल्कमाफी आजही चालू आहे; ती कोणाला मिळते, हे आता केवळ कार्यालयाला ठाऊक असते.