लांबलेला दोर

एकदा एका विद्यापीठात एक शिष्य होता. न्याय, व्याकरण, ज्योतिष असे मानाचे विषय सोडून त्याने विहिरींचे पाणी मोजण्याचा विषय घेतला होता. आसपासच्या चाळीस गावांतल्या चाळीस विहिरी त्याने निवडल्या होत्या. वर्षातून तीनदा तो खांद्यावर दोराचे वेटोळे टाकून निघे, प्रत्येक विहिरीत दोर सोडी आणि काठापासून पाणी किती हात खाली आहे ते वहीत टिपून घेई. दोराच्या टोकाला दगड बांधलेला असे आणि हाताहाताच्या अंतरावर गाठी मारलेल्या असत. सहाध्यायी त्याला विहीरशास्त्री म्हणत, आणि त्यात कौतुकाचा भाग फारसा नसे.

विद्यापीठ शिष्याला पाच वर्षे जेवू घाली. पहिली दोन वर्षे याची शिकण्यात गेली, पुढची तीन मोजण्यात, आणि चैत्री पौर्णिमेला पाचही संपत होती. काम मात्र अर्धेच झाले होते. तीन वर्षांच्या नोंदीवरून पाण्याबद्दल काही ठाम बोलता येत नाही. त्याला आणखी चार वर्षे हवी होती. इकडे गावाहून मामाचा निरोप आला होता. मामाचा तेलाचा घाणा होता. "बैल आता म्हातारा झाला आहे, तेव्हा तू ये," असा तो निरोप होता. मामाने तो सरळ मनाने धाडला होता, पण शिष्याच्या मनाला फार लागला.

अशा वेळी नगरातल्या एका मोठ्या पेढीने विद्यावृत्ती जाहीर केली. चार वर्षे अन्न, वस्त्र आणि निवारा, आणि त्यानंतर पेढीवरच कायमची जागा. पेढीचे बैलांचे तांडे दूरदूर जात, आणि कडक उन्हाळ्यात कोणत्या वाटेवर पाणी टिकते हे जाणणारा माणूस पेढीला हवाच होता. वृत्ती एकच होती, इच्छुक सत्तावीस. प्रत्येकाने आपला अर्ज आणि आपल्या आचार्यांचे शिफारसपत्र घेऊन ठरल्या दिवशी पेढीवर हजर व्हायचे होते.

शिफारसपत्राची त्या विद्यापीठात एक रीत पडून गेली होती. आचार्य कामात बुडालेले असत, निदान तसे सांगत. म्हणून पत्र शिष्यानेच लिहून आणायचे आणि आचार्यांनी खाली सही करायची. स्वतःची स्तुती स्वतःच्या हाताने लिहायला माणूस लाजत असेल असे आपल्याला वाटते. पहिल्या पत्राला लाजतोही. दुसऱ्या पत्रापासून मात्र त्याला विशेषणे कमी पडू लागतात.

या शिष्याचे हे पहिलेच पत्र होते. म्हणून त्याने एका मित्राची मदत घेतली. मित्राने आजवर अकरा जणांची पत्रे लिहून दिली होती आणि त्याचा हात या कामात चांगला बसला होता. त्याने डोळे मिटून सांगायला सुरुवात केली, "लिही. कुशाग्र बुद्धीचा, विनम्र, कष्टाळू, होतकरू, सदाचारी..."

"पण पाण्याचं काहीच आलं नाही यात," शिष्य म्हणाला.

"पाण्याचं कशाला? वृत्ती पाण्याला मिळायची आहे की तुला?"

अर्जही त्याने त्याच शब्दांत लिहिला. मग बारा विशेषणांचे ते पत्र घेऊन शिष्य आपल्या आचार्यांकडे गेला. आचार्य वृद्ध होते. ओसरीवर बसून बोरूला टोक काढीत होते. त्यांच्या मागे भिंतीवर शिसवाची एक जुनी मोजकाठी टांगलेली होती. त्यांनी पत्र वाचले, नीट चार घड्या घातल्या आणि हलणाऱ्या बैठ्या मेजाच्या पायाखाली सरकवले. मेज हलायचे थांबले. मग त्यांनी एक कोरा कागद ओढला, तीन ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि कागद उघडाच शिष्याच्या हाती दिला.

शिष्याने वाचले. "हा विद्यार्थी तीन वर्षे चाळीस विहिरींचे पाणी मोजीत आहे. तिसऱ्या वर्षी याचे सर्व मोजमाप चुकले. पाणी चढले आहे असे याने भर सभेत सांगितले, आणि ते उतरले होते. ही चूक कशी झाली हे यालाच विचारावे."

त्याच्या तोंडचे पाणी पळाले. "गुरुजी, हे..."

"यात काही खोटं आहे का?"

"खोटं नाही, पण..."

"मग घेऊन जा," आचार्य म्हणाले आणि पुन्हा बोरूकडे वळले. त्यांना मुळीच राग आलेला नव्हता, आणि तेच शिष्याला अधिक जड गेले. रागावले असते तर निदान काय चुकले ते विचारता आले असते.

मित्राने पत्र पाहून कपाळावर हात मारला. "अरे, म्हाताऱ्यानं तुझा गळाच कापला की! हे पत्र दाखवलंस तर पेढीचा पहारेकरीसुद्धा तुला आत घेणार नाही." तो तडक उठला आणि व्याकरणाच्या आचार्यांकडे गेला. ते सज्जन गृहस्थ होते. कुणाची अडचण होऊ नये म्हणून ते आपली शिफारसपत्रे आधीच सही करून, नावापुरती जागा कोरी सोडून ठेवीत असत. मित्राने एक उचलून आणले आणि कोऱ्या जागेत शिष्याचे नाव भरले. शाई किंचित वेगळी उमटली, पण तेवढे कोण पाहतो?

ठरल्या दिवशी शिष्य पेढीवर गेला तेव्हा त्याच्या झोळीत दोन पत्रे होती. कोणते द्यायचे हे त्याने ठरवलेच होते. व्याकरणाच्या आचार्यांचे पत्र झोळीत वर ठेवले होते.

पेढीचा कारभार एक वयस्क बाई पाहत असत. पतीच्या मागे वीस वर्षे त्यांनी तो एकटीने सांभाळला होता. त्या गादीवर बसल्या होत्या आणि बाजूला एक कारकून एकेकाचे पत्र मोठ्याने वाचीत होता. उमेदवार समोर बाकांवर बसलेले. पहिले पत्र झाले, दुसरे झाले, तिसरे झाले. कुशाग्र बुद्धीचा, विनम्र, कष्टाळू, होतकरू. चौथ्या पत्राला कारकुनाने 'कुशाग्र' म्हटले आणि पुढचे पाठ झाल्यासारखे कागदाकडे न बघताच म्हणून टाकले. बाई प्रत्येक उमेदवाराला त्याचे गाव विचारीत, मान हलवीत आणि "बसा" म्हणत.

सातवे पत्र झाले. तेच शब्द, त्याच क्रमाने. सात माणसे एकामागून एक उभी राहिली आणि खाली बसली, आणि त्यांतला एकही शिष्याच्या लक्षात राहिला नव्हता. आपल्या झोळीतल्या पत्रावरचे नाव खोडून शेजारच्याचे घातले तरी कुठे काही अडणार नाही, हे त्याला एकदम दिसले. मग त्याला दुसऱ्या पत्राची आठवण झाली. ते पत्र शेजारच्याला दिले असते तर? शेजारी काय सांगणार होता? त्याने विहीर वाकून तरी पाहिली होती का?

त्याचे नाव पुकारले गेले. घाण्याचा म्हातारा बैल त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. त्याने झोळीत खाली हात घातला आणि आचार्यांचे पत्र काढून दिले.

कारकून सवयीने 'कु' म्हणून बसला आणि अडखळला. मग त्याने तीन ओळी सावकाश वाचल्या. बाकांवर कुणीतरी खुदकन हसले. बाई सरळ होऊन बसल्या.

"सगळंच मोजमाप चुकलं? ते कसं?"

शिष्य सांगू लागला. "तिसऱ्या वर्षी प्रत्येक विहिरीत पाणी वर आलेलं दिसलं, बाईसाहेब. मला फार आनंद झाला. मी विद्यापीठाच्या सभेत तसं वाचलं, शाबासकीही मिळाली. पुढच्या फेरीला एका गावात एक आजी पाणी शेंदत होत्या. मी त्यांना म्हटलं, आजी, यंदा पाणी चढलंय बरं का. तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, 'पानी चढलं म्हनतोस व्हय? मग माझा दोर का रं पुरंना? कालच हातभर तुकडा जोडलाय मी त्याला.'"

बाई हसल्या. "मग?"

"मग मी तिथेच काठावर बसलो. माझ्या दोराच्या गाठी मोजल्या तर बरोबर होत्या. विद्यापीठात परत येऊन दोर आमच्या आचार्यांच्या मोजकाठीला लावला, तेव्हा कळलं. वीस हातांमागे जवळजवळ एक हात दोर लांबला होता. भिजून, वाळून, दगडाच्या ओढीनं. गाठी तेवढ्याच, पण एकीपासून दुसरी लांब गेलेली. म्हणून खोल गेलेलं पाणी मला वर आल्यासारखं दिसत होतं."

"मग काय केलंत?"

"नवा दोर घेतला आणि त्याच उन्हाळ्यात चाळीस विहिरी पुन्हा मोजल्या. आणि सभेत उभं राहून सांगितलं की मागच्या वेळी सांगितलं ते चूक होतं."

"कुणी सांगायला लावलं?"

"कुणी नाही. पण त्या आजींना ठाऊक होतं ना."

बाई कारकुनाला म्हणाल्या, "यांना पेढीतून लोखंडी साखळी द्या. दोराची कटकटच नको."

शिष्याच्या तोंडून पटकन निघून गेले, "साखळीच्याही कड्या झिजतात, बाईसाहेब. तीही लांबते."

बोलल्यावर त्याने जीभ चावली. मिळालेली वृत्ती आपणच हातची घालवली असे त्याला वाटले.

"मग काय करणार तुम्ही?" बाईंनी विचारले.

"दर फेरीला निघण्याआधी काठीला लावून पाहीन."

"हे अर्जात का नाही लिहिलंत? अर्जात आपलं कुशाग्र, विनम्र!" बाई म्हणाल्या. कारकुनाने त्याचे नाव लिहून घेतले. उरलेल्या उमेदवारांना त्यांनी ऐकून घेतले, कुणाला नाराज केले नाही. पण आता त्यांचे लक्ष पत्रांकडे नव्हते. वृत्ती विहीरशास्त्र्याला मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो साखळी घेऊन आचार्यांकडे आला आणि त्यांच्या पाया पडला. व्याकरणाच्या आचार्यांचे पत्र त्याने झोळीतून काढून त्यांच्यासमोर ठेवले आणि हे आपण जवळ बाळगले होते असे सांगून टाकले. आचार्यांनी ते वाचलेही नाही.

"गुरुजी, वृत्ती मिळेल हे तुम्हाला ठाऊक होतं का?"

"नव्हतं. न मिळती तर तू घाण्यावर गेला असतास, आणि मला वाईट वाटलं असतं."

"मग एवढा धोका का पत्करलात? माझं चांगलं लिहिण्यासारखंही काही होतं."

"चांगलंच लिहिलं होतं," आचार्य म्हणाले. "अरे, कष्टाळू हा शब्द मी आयुष्यभर शेकडो जणांच्या नावाखाली सही करून दिला. त्यांतला आज एकही आठवत नाही, इतका तो स्वस्त झाला आहे. तुझा दोर मात्र आठवतो. खोलीत बसून मोजमाप करणाऱ्याचा दोर लांबत नाही. तुझा लांबला, कारण तो तीनशे वेळा विहिरीत उतरला होता. तू काम केलंस याचा याहून चांगला पुरावा माझ्याजवळ नव्हता. आणि ती चूक लपवायची पूर्ण सोय असताना तू ती सभेत सांगितलीस. एवढं त्या बाईंना कळलं नसतं, तर ती पेढी तुझ्या कामाची नव्हती."

शिष्याला रडू आले होते आणि ते दिसू नये म्हणून तो उगाच साखळी उलगडू लागला. मग उठून त्याने भिंतीवरची मोजकाठी काढली आणि साखळीचे एक टोक तिच्या टोकाला लावले. लावता लावता तो थांबला. काठी त्याने उलटसुलट करून पाहिली. तिची दोन्ही टोके वापराने गुळगुळीत झाली होती.

"गुरुजी," तो चाचरत म्हणाला, "ही काठी कशाला लावून पाहिली होती?"

आचार्यांच्या हातातला बोरू तसाच राहिला. काठी त्यांच्या गुरूंची होती. चाळीस वर्षे ती त्या भिंतीवर होती, आणि कितीतरी शिष्यांनी आपापले दोर तिला लावून पाहिले होते.

"हे आजवर कुणी विचारलं नव्हतं," ते म्हणाले. "मीसुद्धा नाही."

त्यांनी बोरू खाली ठेवला, गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठले आणि उपरणे खांद्यावर टाकले. "नगराच्या वेशीवर दगडात हाताचं माप कोरलेलं आहे. ऊन चढायच्या आत जाऊन येऊ. चल, धर काठीचं दुसरं टोक."