रिकाम्या खड्ड्याची मोजणी

दरपत्रक आलं तेव्हा तानकी पाठशाळेचं अंगण झाडत होती. शिपायानं ते खांबावर डकवलं आणि दिवाण गंगोजीरावांनी मोठ्यानं वाचलं, "राज्यात मजुरी एकच! माती खणणाऱ्याला रोज दोन आणे, पंडितालाही तेवढेच. काम गजानं मोजून घेणार. पौर्णिमेला मोजणी. मोजून दाखवता आलं नाही, तर पाठशाळेला कुलूप!"

"अहो, विचार गजानं कसा मोजायचा?" पाठशाळेचे माधवशास्त्री कळवळले.

"राजेसाहेबांनी अख्खं तळं गजानं मोजून घेतलं. तुमचं डोकं काय तळ्याहून मोठं?"

तानकीचा झाडू थांबला. शास्त्रीबुवा सहा महिने एकाच गोष्टीमागे होते. दर भादव्यात तळ्याकाठच्या वस्तीत ताप येतो, तो कशानं? मागच्या भादव्यात त्याच तापानं तिचा बाप गेला होता. जन्मभर माती खणलेला माणूस. कुलूप लागलं, की पुढचा भादवाही तसाच येणार होता.

"बुवा, पौर्णिमेला मी येते बरोबर," ती म्हणाली. "दहा वर्षं बापासंगं खड्डे मोजलेत मी."

दरबारात राजा वीरधवल हट्टानं गज मांडीवर घेऊनच बसला होता.

"बोला शास्त्रीबुवा, काय काम झालं?"

"सरकार, ताप विहिरीच्या पाण्यानं येत नाही. वाऱ्यानं नाही, मासळीनं नाही. अशी अकरा कारणं आम्ही तपासून बाद केली."

"म्हणजे सापडलं काहीच नाही!" दिवाण हसले. "सरकार, खड्डा रिकामा!"

"दिवाणजी, खड्डा रिकामाच मोजतात!" तानकी पुढे झाली. "भरलेल्या खड्ड्याची मजुरी कोणी दिलीय का कधी?"

राजाच्या मिशा हलल्या. "बरं पोरी, खड्डा रिकामा. पण खोल किती? गज कुठून लावू?"

"खणताना आम्ही मधोमध मातीचा एक खुंट तसाच ठेवतो, सरकार. वरच्या गवतालाही हात लावत नाही. आधी जमीन कुठवर होती ते त्यावरून कळतं. त्याच्या माथ्यापासून खाली मोजायचं."

"आणि इथे तो खुंट कुठे आहे?"

तानकी वळली. "दिवाणजी, ताप कशानं येतो हो?"

"कशानं म्हणजे? विहिरीच्या पाण्यानं! शेंबडं पोरसुद्धा सांगेल!"

"सापडला खुंट, सरकार!" तानकीनं दिवाणांकडे बोट दाखवलं. " सहा महिन्यांपूर्वी सगळं गाव इथवर होतं, तिथून खाली बुवांनी अकरा कारणं खणून काढलीत. बघा, माथ्यावरचं गवतसुद्धा हललं नाही!"

राजा इतका हसला, की मांडीवरचा गज खाली पडला. तो त्यानं उचललाही नाही. "शास्त्रीबुवा, कारण सापडेपर्यंतचा सगळा खर्च आमचा! पोरी, तू काय मागतेस?"

"खणणाऱ्यांना रोज तीन आणे द्या, सरकार. दोन आण्यांचा दर माझ्या आजाच्या वेळचा आहे."

"दिले!"

मोजणी झाली, की खणणारे मधला खुंटही काढून टाकतात. गंगोजीरावांचा तेवढा काढायचा राहून गेला.