न पाहिलेला बांध

तळ्याच्या बांधाखाली वसलेल्या एका गावात एक दवंडीवाला राहायचा. नाव सटवाजी. आवाज असा खणखणीत, की पहिल्या चौकात तोंड उघडलं तर तिसऱ्या चौकातली म्हैस मान वर करायची. तब्येत ठणठणीत होती. दुखणं एकच, आणि ते पोटातलं. गावात कुणी दुसऱ्याचं ऐकताना दिसलं, की ते उठायचं.

गावाची रीत मात्र शहाणी होती. दवंडी संपली की सटवाजीने हलगीवर तळहात ठेवायचा आणि एक वाक्य बोलायचं. स्वतः जाऊन बघितलं असेल तर, “पाहिलं ते सांगितलं.” नुसतं कानावर आलं असेल तर, “ऐकलं ते सांगितलं.” लोक त्या वाक्यासाठी थांबायचे. किती घाबरायचं आणि किती हसण्यावारी न्यायचं, ते त्यावरून ठरवायचे.

याच गावात आठवड्यातून दोनदा येसाबाई कासारीण यायची. पाच गावं फिरणारी बाई. बांगड्या भरताना बायकांचा हात तिच्या हातात असायचा, आणि हात हातात असला की माणूस मोकळं बोलतं. पाच गावांचं बोलणं तिच्याजवळ जमायचं. सांगायचीही नेटकं. “मी नाही हं बघितलं. वरच्या वाडीची पारू म्हणाली,” असं आधी म्हणायची, मग पुढचं.

सटवाजी उन्हातून तिन्ही चौक करून घरी यायचा. बायकोला बातमी सांगायला तोंड उघडायचा. भागीरथी चूल फुंकत म्हणायची, “अहो, ते सकाळीच कळलं. येसाबाई सांगून गेली.”

झालं! अंगाचा नुसता तिळपापड. भाकरी गोड लागायची नाही. हलगी माझी, घसा माझा, आणि ऐकतात कुणाचं, तर त्या बांगडीवालीचं?

एक दिवस तो तडक इनामदार बापूसाहेबांकडे गेला. “सरकार, ती कासारीण गावात काहीबाही पसरवते,” म्हणाला. बापूसाहेबांनी कान टवकारले. त्यांच्या नव्या बैठकीच्या जोत्याला बांधाचे घडीव दगड काढून नेले होते, आणि ही गोष्ट गावात पहिल्यांदा येसाबाईनेच सांगितली होती. त्यांनाही तिचा राग होताच. हुकूम निघाला. वेशीच्या आत बातमी सांगायची ती सटवाजीनेच. येसाबाईने बांगड्या भराव्यात आणि तोंड मिटून जावं. सटवाजीला जरीचा पटका मिळाला.

“फक्त एक कर,” बापूसाहेब म्हणाले. “चौकात जाण्याआधी एकदा माझ्याकडे येऊन जात जा.”

पटक्याच्या झोकात सटवाजीला ते काहीच जड वाटलं नाही. मग इनामदारांच्या घोड्यांनी तुडवलेला कांदा दवंडीत मोकाट गुरांनी तुडवला. सटवाजीने हलगीवर तळहात ठेवून खुशाल म्हटलं, “पाहिलं ते सांगितलं.” ज्याचा कांदा होता तो समोरच उभा होता. तो खाली मान घालून निघून गेला. पुढे गावाचं बोलणंच आखडलं. पाणवठ्यावर बायका पाण्याचंच बोलायच्या. न्हाव्याकडे माणसं डोळे मिटून बसायची, कारण शेजारी कोण बसलंय ते सांगता येत नव्हतं.

आणि येसाबाई? ती गप्प बसून बांगड्या भरायची. तरी बायका तिच्याभोवतीच! तिच्या भुवया बघायच्या, सुस्कारे मोजायच्या. सटवाजीला वाटलं, आता काय हिच्या गप्प बसण्याचाही हेवा करू? केला. करायचाच होता.

भाद्रपद लागला. तळं काठोकाठ भरलं. एका सकाळी येसाबाई बांधावरून येत होती, तर पायथ्याशी पाणी पाझरताना दिसलं. पाझर रोजचाच, पण आज पाणी गढूळ होतं. म्हणजे आतून माती वाहत होती. गावात बोलायची तिला बंदी. ती सरळ सटवाजीच्या दारात आली.

“सटवाजीभाऊ, माझं नाव घेऊ नका. तुमचीच बातमी म्हणून सांगा. पण आधी जाऊन बघा. आणि लवकर.”

भला माणूस असता तर पळत सुटला असता. सटवाजीच्या डोक्यात मात्र भलतंच. हिने आधी पाहिलं? हिची उष्टी बातमी मी वाजवू? तो बांधाकडे गेलाच नाही. इनामदारांकडे गेला. इनामदारांना आपल्या जोत्यातले दगड आठवले. “अफवा आहे,” ते म्हणाले. “सांग, बांध भक्कम आहे.”

सटवाजीने पहिला चौक केला, दुसरा केला. “बांध भक्कम आहे हो! पाहिलं ते सांगितलं!” तिसरा चौक सगळ्यांत खाली, त्याच्याच आळीत. भागीरथी दारात उभी होती.

“अहो, खरंच पाहिलंत ना?”

“पाहिलं म्हणजे पाहिलं! तुला काय त्या कासारणीनं सांगायला पाहिजे?”

तेवढ्यात वेशीतून येसाबाईची हाक आली. “आज बांगड्या फुकट! टेकडीवर या गं, पोराबाळांना घेऊन या!” बांगड्या विकायला तर बंदी नव्हती. पण चार आण्यांसाठी अर्धा तास घासाघीस करणारी येसाबाई फुकट देते म्हटल्यावर बायका चमकल्या. एकमेकींकडे बघितलं, पोरं कडेवर घेतली आणि निघाल्या. बायकांना परत आणायला म्हणून पुरुष गेले. टेकडी वेशीबाहेर. तिथे येसाबाईचं तोंड उघडलं. “गढूळ पाणी मी या डोळ्यांनी बघितलंय. कुणी घरी परतू नका. मागे राहिलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना तेवढं वर आणा.”

सटवाजीचा चौक रिकामा पडला. जळफळत तोही टेकडी चढला, तिला चार शब्द सुनवायला. वर पोचला, वळला आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याने बांध पाहिला. मधोमध तो खचत होता.

टेकडीवर सगळं गाव होतं. भागीरथी नव्हती.

त्याने हलगी बडवायला घेतली. बोटं फुटेस्तोवर बडवली. “भागीरथी! वर ये! बांध जातोय!” वाऱ्यात शब्द विरले. नुसती हलगी खाली पोचली. खालच्या आळीतलं ते एकच दार काही हललं नाही. मग पाणी आलं.

दुपारी पाण्याचा जोर ओसरला तेव्हा माणसांनी दोर लावून भागीरथीला परसातल्या चिंचेवरून उतरवलं. घर गेलं होतं, गाय गेली होती. सटवाजी बायकोपुढे गुडघ्यांवर बसला.

“अगं, हलगी ऐकू नाही आली तुला?”

“आली की,” भागीरथी म्हणाली. “वाटलं, बांध भक्कम आहे, तेच परत सांगताय. सगळ्या गावात एकटी मीच तुमचं ऐकून घरात बसले हो.”

सटवाजी ढसाढसा रडला. संध्याकाळी इनामदारांचा निरोप आला, बांध उंदरांनी पोखरला अशी दवंडी दे. सटवाजीने पटका निरोप्याच्या हातात ठेवला आणि चिखलातून तिन्ही चौक केले. “बांधाचे दगड बैठकीच्या जोत्यात आहेत हो! आणि बांध भक्कम आहे, हे मी न पाहता सांगितलं!”

पुढे तो हलगी वाजवत राहिला. येसाबाईचा हेवा अगदीच गेला असं नाही. ती दिसली की पोटात थोडं दुखायचंच. पण प्रत्येक दवंडीनंतर गर्दीतून भागीरथी विचारायची, “पाहिलंत का?” आणि पाहिलं नसेल, तर तो हलगी खांद्याला लावून मुकाट्याने बघायला जायचा.

तात्पर्य: दुसऱ्याचा आवाज बंद करायला जो सत्तेचा आधार घेतो, त्याचा स्वतःचा आवाजही सत्तेचा होतो, आणि त्याच्या खोट्याची झळ आधी त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्यालाच बसते.