आडवा हो, धाकट्या

फार पूर्वी, सात समुद्रांपलीकडे, हवाईच्या एका बेटावर एक मोठा सरदार राज्य करायचा. लोक त्याला देवाचा अंश मानत. त्याची सावली ज्याच्यावर पडेल त्याला मरण, असा तिथला कायदा. तो चालू लागला की माणसं जीव घेऊन पळत.

लहानपणीही तसंच. त्याच्याशी खेळायला कुणी येत नसे. एकटा त्याचा मोठा सावत्र भाऊ यायचा. म्हणायचा, "आडवा हो, धाकट्या. आडवं पडलं की सावली अंगाखाली दडते. मग कुणाच्या बापाची भीती?" मग दोघं वाळूत लोळत शिंपल्यांनी खेळायचे.

पुढे आईच्या घराण्यामुळे गादी धाकट्याला मिळाली. दादा त्याच्यामागे मानाचा पिसांचा दंड धरून उभा राही. सावली वळेल तसा सरकत राही.

एकदा वर्षाच्या सणाला सरदार समुद्राकाठच्या चौथऱ्यावर उभा राहिला. सूर्य बुडेपर्यंत त्याने ताठ उभं राहायचं, असा रिवाज. मागे काळ्या खडकावर, सावलीची वाट मोकळी सोडून, दोन्ही बाजूंना प्रजा पालथी पडली होती. कुणी मान वर करायची नाही.

सूर्य उतरू लागला. सावली लांबू लागली. दादा बाजूला व्हायला गेला आणि त्याचा पाय खडकाच्या भेगेत अडकला.

"निघत नाही रे," तो हळूच म्हणाला.

सरदाराने मान वळवली. सावली दादापासून दोन हातांवर होती. पलीकडे सोटा घेतलेला पहारेकरी. त्याची नजर फक्त सावलीवर.

"ओढ ना!" सरदार पुटपुटला.

"ओढतोय. सालटं निघालं बघ." दादा हसायला गेला, पण हसू फुटेना. "आडवा हो, धाकट्या."

सरदाराने मान पुन्हा समुद्राकडे फिरवली. एवढ्या लोकांसमोर आडवं पडायचं? उद्या मला कोण भिईल? तो सूर्याकडे बघत राहिला. लवकर बूड रे बाबा, लवकर बूड.

अंतर एक हात राहिलं. मग एक वीत.

"खेळातलंच समज. पड ना रे!"

सरदाराचे गुडघे वाकले नाहीत.

मागे पहारेकऱ्याची पावलं वाजली. सोटा एकदाच बसला. सूर्य त्यानंतर बुडाला. थोडासाच नंतर.

सरदार वळला. प्रजा अजून पालथीच होती. एकाचीही मान वर नव्हती. तो आडवा पडला असता, तरी कुणाला दिसलं नसतं.

त्याने पुढे पुष्कळ वर्षं राज्य केलं. सगळे त्याला भीत. रोज दुपारी तो त्या वाळूत जाऊन आडवा होई, शेजारी शिंपले मांडी. "दादा, पडलो बघ," म्हणे. सावली अंगाखाली दडलेली असे. तरी जवळ कुणी येत नसे.

तात्पर्य: आपलं माणूस हाक मारतंय तोवरच वाका. नंतर जन्मभर लोळलात, तरी ते परत येत नाही.