हिरडेवाडीची द्रोणपंचमी

त्या बाईंना हाका मारू नका, त्या मागं वळून बघायच्या नाहीत. तुमचं काही चुकलेलं नाही, आणि त्यांनीही दुसरं कुणी समजून तुमच्या हातात द्रोण दिलेला नाही. आज मार्गशीर्ष वद्य पंचमी. हिरडेवाडीत आज घराघरातून नव्या तांदळाच्या खिरीचा द्रोण निघतो आणि कुणाच्या तरी हातात दिला जातो. देणाऱ्यानं 'तुमचं आहे' एवढंच म्हणायचं. कशाबद्दल, ते सांगायचं नाही आणि घेणाऱ्यानं विचारायचं नाही. पाहुणे दरवर्षी गोंधळतात. पहिला द्रोण ज्याला मिळाला तोही असाच गोंधळला होता, असं सांगतात. बसा या पारावर.

समोर दिसतो तो हिरडगड. तिथं सुभानजी नावाचा तासकरी होता. पाण्यानं भरलेलं एक घंगाळ, त्यात बुडाशी बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडलेली. वाटी भरून बुडाली की एक घटका झाली. तासकऱ्यानं ती उचलायची, रिकामी करायची, पुन्हा पाण्यावर सोडायची. आणि ठरलेल्या घटका भरल्या की काशाच्या थाळीवर टोला द्यायचा. गडाचे दरवाजे, पहारे, जेवणं, सगळं त्या टोल्यावर चालायचं. सुभानजीनं हे काम बत्तीस वर्षं केलं म्हणे, येमाजी नावाच्या जोडीदाराबरोबर, पाळीपाळीनं. पुढं येमाजी तापानं गेला. मग वयानं सुभानजीचा हात कापू लागला, तेव्हा किल्लेदारानं पागोटं बांधून त्याला मानानं घरी पाठवलं. इथंच, या वाडीत.

घरी आल्यावर त्याला काही सुचेना. बायको कधीच वारलेली, लेकी सासरी. जेवता जेवता घास ठेवून तो उठायचा, अंगणात यायचा, आणि आपण का उठलो ते न कळून तसाच उभा राहायचा. कुणी गप्पा मारायला आलं तर याचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत असायचा. त्यानं दोडक्याचा वेल लावला. पण वेलाला पाणी घालून झालं की पुढचा सबंध दिवस पडलेला. एकदा तर त्यानं शेजाऱ्याला विचारलं म्हणे, ''तुम्ही लोक दिवसभर करता तरी काय?''

अशात मार्गशीर्षातल्या वद्य पंचमीला कोंडाई नावाची बाई त्याच्या दारात आली. पलीकडच्या आळीत राहायची, तोंडओळखीची. तिनं खिरीचा द्रोण त्याच्यापुढं ठेवला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, ''तुमचं आहे.'' सुभानजी काही बोलायच्या आत ती निघूनही गेली.

तो द्रोणाकडं बघत बसला. ना सण, ना श्राद्ध. आपण हिच्यासाठी कधी काही केलंय? आठवेना. बत्तीस वर्षांत त्यानं कुणासाठीच काही केलं नव्हतं, नुसती वाटी उचलली होती आणि ठेवली होती. दुसऱ्याचं खाल्लं असं नको व्हायला, म्हणून द्रोण तसाच झाकून घेऊन तो कोंडाईच्या घरी गेला.

''बाई, तुम्ही माणूस चुकलात. मी सुभानजी तासकरी.''

''म्हणूनच आणली,'' कोंडाई म्हणाली. ''तुम्ही कामावर होता तोवर मला येता येत नव्हतं. आता कुणी काही करू शकत नाही तुमचं.''

मग तिनं सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्यावर, मालूवर, फितुरीचा आळ आला होता. गडाच्या दरवाजातली छोटी दिंडी आतून उघडी सापडली आणि त्या पहाऱ्यावर मालू होता. संध्याकाळच्या टोल्याला त्याला कड्यावरून लोटायचं ठरलं. त्या दिवशी इतकं धुकं होतं की सूर्य कुठं आहे ते दिसत नव्हतं. सगळे टोल्याची वाट बघत कड्यावर उभे. टोला पडेना. कोंडाई दगडावर डोकं टेकून बसली होती. तेवढ्यात खालच्या चौकीवरचा माणूस धापा टाकत वर आला : दिंडी उघडणारा पकडला गेला होता, कबूलही झाला होता. मालूचे दोर सोडले, आणि त्यानंतर टोला पडला.

''तुम्ही टोला अडवून धरलात,'' कोंडाई म्हणाली. ''कळलं असतं तर मालूच्या आधी तुम्हाला लोटलं असतं. म्हणून आम्ही दोघं गप्प राहिलो.''

 तो दिवस सुभानजीला आठवत होता. पाळी त्या वेळीच बदलली होती. ''मी नाही अडवला,'' तो म्हणाला. ''मी येमाजीच्या हाती काम सोपवून जेवायला गेलो होतो. अडवला असेल तर त्यानं. उशीर झालाय हे मला कळलं होतं, पण जोडीदार मरेल म्हणून मी कधी तोंड उघडलं नाही.''

मग दोघं येमाजीच्या बायकोकडं, राहीकडं गेली. सुभानजीनं द्रोण तिच्यापुढं ठेवला. ''वहिनी, हे येमाजीचं आहे. मालूचा जीव त्यानं वाचवला.''

राही म्हणाली, ''अहो भावजी, काय बोलता हे? ते तर मरेपर्यंत म्हणत होते, सुभानजीनं टोला अडवला. कुणाजवळ बोलू नकोस म्हणायचे, त्याच्या जिवावर येईल. त्यांचं म्हणणं, ते आले तेव्हा तुम्ही वाटी पाण्यावर सोडलेली असणार असं धरून ते बसले. किती वेळानं बघितलं तर वाटी घंगाळाच्या काठावर. कोरडी.''

 सुभानजीनं आठवून बघितलं. वाटी उचलली होती, रिकामी केली होती. मग? पाण्यावर ठेवली, की काठावर? येमाजी आला म्हणून तिथंच ठेवली? संध्याकाळी ज्याच्या मरणाचा टोला पडणार त्या मालूचा विचार मनात होता का तेव्हा? असेलही. हात आपोआप थांबला, की नुसता विसरला? कितीही आठवलं तरी हात दिसेना. एक मित्र मरेपर्यंत दुसऱ्यासाठी गप्प राहिला होता, आणि दुसरा नऊ वर्षं पहिल्यासाठी.

''मग ही खीर कुणाची?'' त्यानं विचारलं. ''माझी नाही, येमाजीची नाही. कुणीच काही केलं नाही, बाई. नुसती चूक झाली.''

कोंडाई रागावली, असं सांगतात. ''माझा माणूस या वेळी गुरं घेऊन घरी येतोय. रात्री माझ्या हातची भाकरी खाईल. कुणी वाटी ठेवली ते तुम्ही आणि येमाजी देवाघरी भेटाल तेव्हा ठरवा. मी ही परत नेणार नाही.''

राहीनं उठून आणखी दोन रिकामे द्रोण आणले. एका द्रोणाची खीर तिघांनी वाटून घेतली. सुभानजी खाताना रडला म्हणे, आणि आपण का रडतोय तेही त्याला कळेना. पण त्या दिवशी तो जेवणावरून मधेच उठला नाही. पुढं तो दुपारी दोडक्याच्या मांडवाखाली पाय पसरून झोपू लागला. त्याची बोटं थांबली.

पुढच्या वर्षी त्याच तिथीला त्यानं स्वतः खीर रांधली आणि गावात फिरला. ज्या कासारानं वाटी घडवली त्याच्या नातवाला एक द्रोण दिला. घंगाळाचं पाणी भरणाऱ्या बाईला एक दिला. मग वाटेत जो भेटेल त्याला देत सुटला, कारण कुणी कधी काय केलं असेल, याचा त्याला आता भरवसा वाटेना. ते विचारायचे, ''कशाबद्दल?'' तो म्हणायचा, ''मलाही ठाऊक नाही. तुमचं आहे.'' त्यातल्या काहींनी पुढच्या वर्षी तसंच केलं.

आजही वाडीत यावर एकमत नाही. वरची आळी म्हणते, सुभानजीनं जाणूनबुजून वाटी काठावर ठेवली. खालची आळी म्हणते येमाजीनं, आणि राहीला खोटं सांगितलं. मला विचाराल तर मी सांगू शकत नाही. मी वीजमंडळात वायरमन होतो, चौतीस वर्षं खांबावर चढलो. निवृत्त झालो त्या वर्षी पंचमीला घरीच बसून होतो, आता आपल्याला कोण विचारतंय अशा मनानं. संध्याकाळपर्यंत माझ्या ओसरीवर सात द्रोण आले. एक तर अशा माणसाकडून, ज्याची लाइन मी एकदा तोडली होती. बायको म्हणाली, ''अहो, कशाबद्दल?'' मी पुष्कळ आठवून बघितलं. मग ओसरीवर उन्हात बसून सातही खाल्ले.