‘मौन’ नावाचं पान

“सगळी पानं चौकटीत बसली म्हणतोस?”

“सगळी, बुवा. आता एकही पान वाट चुकणार नाही.”

निशिकांतच्या आवाजात तोरा होता. असायचाच! शहरातली चांगली नोकरी सोडून पोरगं मठात आलं आणि अनुग्रहासाठी अच्युतबुवांच्या मागे हात धुऊन लागलं. बुवांनी काय सांगावं? म्हणे, मठाची जुनी वेबसाइट नीट कर. एकही दुवा तुटका राहिला नाही, तर आज सांजआरतीला अनुग्रह. राहिला, तर आपल्या घरी जायचं.

वेबसाइट बुवांनीच कधीकाळी केलेली. डावीकडे विषयांची चौकट, उजवीकडे वाचायचं पान. पण बाहेरून कुणी थेट आतल्या पानावर आलं, की डावी चौकट गायब. मग परतायचं कुठून? वाचणारा अडकलाच, म्हणजे दुवा तुटलाच!

निशिकांतने प्रत्येक पानात जावास्क्रिप्टच्या चार ओळी घातल्या. पान उघडलं की ते आधी विचारायचं, माझ्याभोवती चौकट आहे का? नसली, तर चौकट बोलावून तिच्यात जाऊन बसायचं. झकास काम!

“‘मौन’ उघड,” बुवा म्हणाले.

त्याने ते पान एकटंच उघडलं. बुवांनी मुळातच कोरं ठेवलेलं, पांढरं पान...

चौकट आली नाही.

पुन्हा उघडलं. तेच.

आरतीला कितीसा वेळ उरला होता! त्याने ओळी तपासल्या. चूक कुठेच नव्हती. पानाने विचारलं होतं, आणि त्याला उत्तरही मिळालं होतं. चौकट आहे.

“बुवा, हे खोटं बोलतंय! याच्याभोवती काही म्हणजे काही नाही.”

“चौकटीला नाव असतं ना रे? विचार की.”

त्याने नाव विचारणारी ओळ लिहिली.

पडद्यावर अक्षरं उमटली... निशिकांत.

हे नाव त्याने कुठेही लिहिलं नव्हतं. बुवांनी लिहावं, तर वेबसाइट झाली तेव्हा हे पोर जन्मलंही नव्हतं, आणि नंतर त्यांनी तिला हातही लावला नव्हता.

“बुवा... मला भीती वाटतेय.”

बुवांनी हात लांब करून लॅपटॉपचं झाकण हळूच मिटलं.

“आता डोळे मीट.”

त्याने मिटले. पान समोरच होतं. कोरं, पांढरं, अगदी होतं तस्सं.

त्याने घाईघाईने डोळे उघडले. भिंतीकडे पाहिलं, पान. दाराकडे पाहिलं, पान. बुवांकडे पाहिलं...

“जात नाही हो!” तो ओरडला. “तुमचा चेहरा दिसत नाही मला! बुवा, हरलो मी. दुवा तुटकाच राहिला. मला घरी पाठवा.”

बाहेर आरतीची घंटा सुरू झाली.

त्या पांढऱ्यातून बुवांचा आवाज आला. अगदी कानाशी.

“चल, आरतीला उभा राहा. आणि मला सांग, तुटलं होतं ते काय? दुवा, की तुझ्या नावाची चौकट?”