न्यायाधीशांच्या वहाणा

एका लहानशा कसब्यात एक न्यायाधीश होते. त्यांना एक खोड होती. पायांत वहाणा सरकवून तंट्याची जागा स्वतः पाहून आल्याशिवाय ते निकाल देत नसत. लोक उशिराबद्दल कुरकुरत, पण निकालाबद्दल कोणाची तक्रार नसे.

गावातल्या कथेकऱ्याने त्यांच्यावरूनच आपल्या गोष्टीत एक न्यायाधीश उभा केला. तीच पगडी, तशाच मिशा. फक्त चालत जाण्याचं लांबण कोण ऐकणार, म्हणून हा न्यायाधीश जागचा न हलता चुटकी वाजवी आणि निकाल देई. लोक टाळ्या पिटत. खरे न्यायाधीशही मागे बसून ऐकत आणि मनातून सुखावत.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एक माळीण तेल्याला त्याच्या बैलासकट घेऊन कचेरीत आली.

"साहेब, याच्या बैलानं माझा झेंडूचा वाफा फस्त केला. बघा, शिंगाला पाकळ्या अजून चिकटल्यात."

"हरण्या दावणीवरून हललासुदिक नाही, साहेब," तेली म्हणाला.

"वाजवा चुटकी," गर्दीतून कोणीतरी म्हणालं. न्यायाधीशांना मोह आवरला नाही. त्यांनी चुटकी वाजवली. "बैल माळणीला द्या."

टाळ्या पडल्या. तेली एवढंच म्हणाला, "बैलाबिगर घाणा कसा फिरायचा, साहेब?" आणि रिकामं दावं खांद्यावर टाकून तो निघून गेला.

न्यायाधीश उठले. दारात पोचले तर तोरणातली एक पाकळी त्यांच्या हातावर पडली. ते थबकले. काल दसरा झाला होता. गावात झेंडू नाही असं दार नव्हतं, आणि पूजेची माळ घातली नाही असा बैलही नव्हता. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

त्यांनी वहाणा मागवल्या आणि मळा गाठला. वाफ्यात बैलाचं एकही पाऊल नव्हतं. कुंपणाला हातभर भोक पडलं होतं, मातीत शेळीचे खूर उमटले होते, आणि खुद्द माळणीची शेळी गळ्यात तुटकं दावं घेऊन निवांत रवंथ करत बसली होती. माळणीने मान खाली घातली.

न्यायाधीशांनी बैल स्वतः धरून भर बाजारातून तेल्याच्या दारी नेला. "चूक माझी झाली," ते सगळ्यांदेखत म्हणाले. मग गर्दीत उभ्या असलेल्या कथेकऱ्याकडे वळले. "हेही गोष्टीत घाल."

"लोक हसतील तुम्हाला, साहेब."

"हसू देत. हसण्यानं माझं काही जात नाही. याचा घाणा मात्र बंद पडला असता."

तेव्हापासून गोष्टीतला न्यायाधीश चुटकीसाठी हात उचलतो, आणि समोर बसलेली पोरं एका सुरात म्हणतात, "आधी वहाणा!"

तात्पर्य: टाळ्यांसाठी आपली चांगली सवय सोडू नये, आणि सुटलीच, तर चारचौघांत केलेली चूक चारचौघांतच सुधारावी.